‘अलॉय’ आणि खारा वारा

पावसाळा सरला की गोव्यातल्या सायकलवाल्यांमध्ये एक जुना वाद पुन्हा उकरला जातो. वरच्या दर्जाच्या महागड्या पार्टांवर घातलेला पैसा वसूल होतो का? मिरामारला २० ऑक्टोबर २०१९ रोजी ७०.३ मैलांची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशी शर्यत, पहिल्यांदा झाली. तिच्यात नव्वद किलोमीटर सायकल चालवावी लागते. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली, जिम बंद पडल्या, जगभर सायकली आणि सुटे भाग मिळेनासे झाले आणि माणसे मिळेल त्या भावाने घेऊ लागली. तोवर हा प्रश्न चार-दोन हौशी मंडळींचा होता. आता फोंडा-म्हापशातला नोकरदारही हप्त्यावर घेतलेल्या सायकलीला कुठली कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे) लावावी याचा हिशेब करत बसतो.

हा वाद भरकटतो, कारण ‘महाग’ या शब्दाचा अर्थच मध्यंतरी पालटला आहे.

पोर्तुगीज अमदानीतल्या शेवटच्या दशकात गोव्याचे लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जात होते आणि परदेशी माल गोव्यात उतरत होता. सीमेपलीकडे भारतात आयातीवर कडक बंधने असताना इथे विलायती वस्तू तुलनेने सहज मिळत. रॅले, हंबर ही नावे जुन्या घरांत अजून ऐकू येतात. काही सायकली दुकानातून आल्या, काही बोटीवर काम करणाऱ्या तारवटींबरोबर. रॅलेच्या पॅडलजवळच्या दातेरी चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली असत. पुसायला गेले की बोटांना ती लागत. अशा सायकलीला कधी मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात, म्हणजे हबमध्येच, तीन गिअर असत. ही बंद डब्यातली रचना इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाजारात होती. तेल आत, पाऊस बाहेर. त्या काळी महाग म्हणजे टिकाऊ हे समीकरण सरळ होते. बापाने घेतलेली सायकल मुलगा चालवायचा आणि तिचे ‘ओव्हरऑइलिंग’ वर्षातून एकदा, चतुर्थीच्या आधी व्हायचे.

१९६१नंतर ॲटलास, हीरो, हर्क्युलिस आल्या. घाट तोच, इंग्रजी रोडस्टरचा. रॉड ब्रेक, कॉटर पिनचा क्रँक (पॅडलचा दांडा), सुटे छर्रे. पहाटे भोंगा वाजवत येणारा पदेर अजून याच घाटाच्या सायकलीवर पावाची टोपली बांधतो. त्याच्या चेनच्या कड्यांमधले अंतर अर्धा इंच असते आणि शर्यतीच्या सर्वांत महाग सायकलीच्या चेनचेही आजवर तेवढेच आहे. बाकी सगळे बदलले.

हा बदल इथे घडला नाही. १९५० साली इटलीत समांतरभुज डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बाजारात आला, १९७३ साली शिमानो या जपानी कंपनीचा ड्युरा-एस हा उंची पार्टांचा संच आला, तरी तोवर पार्ट एकमेकांत मिसळायचे. कुणाचाही लिव्हर, कुणाचाही डिरेलर, कारण गिअर नेमका कुठे बसतो ते चालवणाऱ्याची बोटे शोधत. १९८४ साली ड्युरा-एसमध्ये खट्ट आवाज करून ठरलेल्या जागी बसणारा गिअर आला. सोय मोठी होती, शंकाच नाही. पण त्या खटक्यासाठी लिव्हर, केबल, डिरेलर, फ्रीव्हील यांची मापे एकमेकांशी जुळावी लागतात. तिथून ‘ग्रुपसेट’ नावाचा अख्खा संच विकत घेण्याची रीत घट्ट झाली. १९९०मध्ये गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्ये शिरले, २००९मध्ये त्यांना बॅटरी लागली. दर थोड्या वर्षांनी मागे एक चक्र वाढले, चेन बारीक झाली आणि जुना संच नव्याशी जुळेनासा झाला. टिकाऊपणावर मिळणारा पैसा आता हलकेपणावर आणि बिनचूकपणावर मिळू लागला. भारतात आयातीवरचे बहुतेक संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१मध्ये उठले आणि हा माल इकडे येऊ लागला तेव्हा तो आधीच दुसऱ्या अर्थाने महाग झालेला होता.

इथे एका शब्दापाशी थांबावे लागते, कारण गोव्यातल्या दुकानात निम्मी गल्लत तोच करतो. तो शब्द म्हणजे ‘अलॉय’.

दुकानात गिऱ्हाईक विचारते, “रिम अलॉय आहे ना?” त्याला विचारायचे असते, लोखंडी तर नाही ना? अलॉय म्हणजे मिश्रधातू. पोलादही मिश्रधातूच. १९३५मध्ये इंग्लंडात मँगनीज आणि मॉलिब्डेनमच्या पोलादाची ५३१ नावाची नळी निघाली आणि पुढची कित्येक वर्षे शर्यतीच्या उत्तम फ्रेम तिच्याच बनल्या. आजच्या दुकानी भाषेत ती फ्रेम ‘लोखंडी’ ठरेल आणि ॲल्युमिनियमची साधीसुधी फ्रेम ‘अलॉय’ म्हणून वरच्या खुंटीला टांगली जाईल. शब्दाने किंमत चढते, माहिती मात्र काहीच मिळत नाही.

कारण ॲल्युमिनियमही एक नाही. बहुतेक फ्रेमवर ६०६१ असा आकडा असतो. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेले असते. हा धातू खाऱ्या हवेत बऱ्यापैकी तग धरतो. महागड्या पार्टांतली पुढची चक्रे आणि काही बोल्ट ७०७५चे असतात. त्यात जस्त असते. ताकद कितीतरी जास्त, म्हणून तेवढ्याच ताकदीचा पार्ट पातळ आणि हलका करता येतो. पण गंजाला तोंड देण्यात तो ६०६१च्या मागे आहे. म्हणजे ‘अलॉय’ जितका उंची, तितका तो मिठाला हळवा. हे किमतीच्या चिठ्ठीवर कुठे लिहिलेले नसते. टायटॅनियम तेवढे अपवाद, त्याला समुद्राची पर्वा नाही. पण टायटॅनियमचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत पिळला की बोल्ट लखलखीत राहतो आणि आटे खाल्ले जातात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले की बॅटरीचा एक घटच तयार होतो आणि त्यात दोघांपैकी जास्त क्रियाशील धातू झिजतो. ॲल्युमिनियम जवळजवळ नेहमी हरणाऱ्या बाजूला असते. कार्बनशी गाठ पडली तरी तेच.

मी हे पुस्तकात वाचले होते आणि तरी फसलो. बांबोळीला राहायला गेलो तेव्हा हौसेने घेतलेल्या क्रोमोलीच्या, म्हणजे पोलादाच्याच, फ्रेममध्ये हलका ॲल्युमिनियमचा सीट पोस्ट (सीटची दांडी) घातला. ग्रीस लावायचे राहिले. दोन पावसाळे गेले. भाच्यासाठी सीट खाली घ्यायची म्हणून क्लँप सैल केला तर पोस्ट जागचा हलेना. तेल ओतून आठवडाभर ठेवले, फ्रेम उलटी टांगली, पोस्टच्या डोक्याला पाना लावून दोघांनी पिळले. दुरुस्तीवाल्याने नळीच्या तोंडाशी बोट फिरवले. बोटाला पिठासारखी पांढरी भुकटी लागली. “बाब, हें आतां कातरचेंच पडटलें,” तो म्हणाला. मग हॅकसॉचे पाते कापडात गुंडाळून, आतून उभी चीर पाडत, दीड दिवस तो पोस्ट तुकड्यातुकड्याने निघाला. पदेराच्या सायकलीत पोलादाच्या नळीत पोलादाचाच पोस्ट असतो. तो गंजतो, पण घासलेट आणि दोन ठोक्यांवर बहुतेक वेळा सुटतो.

निपलची गोष्ट त्याहून छोटी, पण हिशेबाला सोपी. चाकाची तार रिमला जिथे धरते तिथला तो पितळेचा बोंडा. एकाचे वजन साधारण एक ग्रॅम. महागड्या हलक्या चाकांत पितळेऐवजी ॲल्युमिनियमचे निपल घालतात. दोन्ही चाकांचे मिळून पन्नासेक निपल धरले तर तीस-चाळीस ग्रॅम वाचतात, म्हणजे जेमतेम एका मोठ्या घोटाएवढे पाणी. बदल्यात स्टेनलेसची तार आणि ॲल्युमिनियमचा निपल यांच्या मध्ये मिरामारचा वारा शिरतो. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला चावी लावली की निपल फिरत नाही, फुटतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्याने हलकी चाके घेताना आधी हेच विचारावे, आणि दुकानदार “अलॉय आहे ना!” म्हणाला तर ती तारीफ समजू नये.

वजनाचा हट्ट शर्यतींतून आला. तिथे २००० सालापासून सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी असा जागतिक नियम आहे. पुढे सायकली इतक्या हलक्या झाल्या की संघांना त्या मर्यादेत आणायला वजन चिकटवावे लागले. आपल्यावर हा नियम नाही, म्हणून आपण त्याच्याही खाली जायला बघतो. अनमोड किंवा चोर्लाच्या घाटात सहाशे मीटर चढायचे आणि पायांत १८० वॉट आहेत असे धरा. एक किलो कमी नेल्याने साधारण अर्धे मिनिट वाचते. ड्युरा-एसचा संच आणि त्याच शिमानोचा खालच्या पायरीवरचा, बॅटरीवाला १०५चा संच यांच्या वजनात फरक अर्ध्या किलोच्या जरासा वर आणि किमतीत दुपटीच्या आसपास. म्हणजे त्या जादाच्या पैशाने तासाभराच्या चढात वीसहून कमी सेकंद वाचतात. शर्यतीत पहिल्या तिघांत येणाऱ्याला ती हवीत, हे मान्य. उरलेल्यांनी पाण्याची एक बाटली घरी ठेवली तर तेवढीच वाचतात.

वजनासाठी उंची पार्ट पोकळ करण्याची किंमत २०२३मध्ये सगळ्यांनी पाहिली. ड्युरा-एस आणि त्याच्या लगत खालच्या अल्टेग्राचे अकरा गिअरच्या काळातले क्रँक दोन भाग चिकटवून पोकळ केलेले होते. जुलै २०१९पूर्वी बनलेल्यांपैकी काहींचे जोड सुटू लागले. अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे ७ लाख ६० हजार क्रँक तपासणीसाठी मागवले गेले. सुटल्याच्या साडेचार हजारांवर तक्रारी नोंदल्या होत्या. त्याच घरचा खालच्या पायरीवरचा १०५चा क्रँक या यादीत नव्हता.

मग महाग घेऊच नये का? हे टोकही मला पटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी जे फक्त शिखरावर होते ते आज मधल्या पायरीवर मिळते आणि सगळ्यात खालची पायरी खरोखर भिकार असते. पत्र्याचा डिरेलर पहिल्याच जूनमध्ये वाकतो. चांगला टायर, सील केलेले बेअरिंग, पितळेचे निपल, बरे ब्रेक पॅड यांवर घातलेला पैसा गोव्यात फिटतो, कारण इथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाण पट्ट्यात लाल धूळ असते. सोनार दागिना चमकवायला जी तांबडी पूड घासतात तीही आयर्न ऑक्साइडचीच. ती चेनच्या तेलात मिसळली की तयार होते घासणीची लुगदी. बारा गिअरची बारीक चेन अर्धा टक्का ताणली की बदलावी लागते. एखाद्याने डिचोली ते सांखळी रोज ये-जा केली आणि चेन पुसलीच नाही, तर ती वेळ फार लवकर येते. वेळेवर चेन बदलली नाही तर कॅसेटही जाते, आणि वरच्या दर्जाच्या कॅसेटची किंमत ऐकून साध्या सायकलवाल्याला वाटते की आपण चुकून अख्ख्या सायकलीचा भाव विचारला. सप्टेंबर २०२५मध्ये सायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण परदेशी पार्टांवरचे आयात शुल्क त्याच्या वरचे ओझे आहे, म्हणून दुबईहून येणाऱ्या नातलगाच्या बॅगेत चेन-कॅसेट सांगण्याची गोव्याची जुनी सवय काही मोडत नाही. तारवटींच्या ट्रंकेची जागा तेवढी चाकवाल्या बॅगेने घेतली आहे.

शिमानोने २०२१मध्ये ड्युरा-एस आणि अल्टेग्राच्या नव्या पिढीतून केबलचे गिअर काढून टाकले. २०२३मध्ये १०५ला बारा गिअरचे केबल परत दिले. आणि त्याच वर्षी रोजच्या वापराच्या सायकलींसाठी एक वेगळा संच आणला, क्यूज नावाचा. त्याच्या कॅसेटचे दाते जाड आहेत, संच जड आहे आणि कंपनीचा दावा आहे की ही रचना नेहमीच्यापेक्षा तिप्पट टिकते. शर्यतीच्या वरच्या पायऱ्यांवर मात्र ही जाड दात्यांची कॅसेट नाही.