बर्ड फ्लूची तयारी तासांत मोजा

नोव्हेंबर 2005 मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला एपेक या आशिया-प्रशांत आर्थिक गटातल्या नेत्यांची परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात व्यापार आणि दहशतवादाच्या जोडीला बर्ड फ्लूही होता. त्याच सुमारास जपानच्या मदतीने आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांसाठी टॅमिफ्लूचा, म्हणजे माणसांना द्यायच्या फ्लूच्या औषधाचा, साठा करायचे ठरले. 5 लाख रुग्णांना पुरेल एवढे ते औषध सिंगापूरच्या गोदामात ठेवले गेले. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांना अशा गोष्टी भावतात. प्रादेशिक सुरक्षा, सहकार्य, सज्जता हे शब्द त्यांना चपखल बसतात.

साठा हवाच. पण या औषधाचा हिशेब बघा. प्रौढ रुग्णाला 75 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, 5 दिवस द्यायची. लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केली तर गुण सर्वात चांगला येतो, पुढे तो घटत जातो. म्हणजे सिंगापूरची कॅप्सूल कामी यायची असेल, तर कुठल्याशा गावातल्या शेडमध्ये कोंबड्या कशाने मरत आहेत हे आधी कळायला हवे. म्हणून सहकार्याचे माप गोदामात शोधू नये. पहिली मरतूक झाली त्या क्षणापासून शेजारच्या राज्याला किंवा देशाला कळेपर्यंत किती तास गेले, हा आकडा विचारावा.

भारतातला पहिला उद्रेक महाराष्ट्रातला. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला जानेवारी 2006 च्या अखेरीपासून कोंबड्या मरत होत्या, आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झाले 18 फेब्रुवारीला. मधल्या काळात संशय होता तो राणीखेतवर, म्हणजे मानमोडीवर. हा संशय अडाणीपणाचा नव्हता. दोन्ही रोगांत अंडी अचानक घटतात, हिरवट हगवण लागते, श्वास घरघरतो, मान वाकडी होते. बर्ड फ्लूमध्ये तुरा निळा-जांभळा पडतो आणि पायांवर रक्ताचे डाग दिसतात, पण पुष्कळदा पक्षी यातले काहीही न दाखवता रात्रीतून मरून पडतात. नुसत्या डोळ्यांनी खात्रीने फरक करता येत नाही. राणीखेतची लस दिलेल्या कळपात मरतूक एकाएकी वाढली, तर वाट न पाहता नमुना पाठवणे एवढेच हाती असते.

पक्षी असे झटपट का मरतात, याचे उत्तर विषाणूच्या एका छोट्या भागात आहे. त्याच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन दोन तुकड्यांत कापले गेले तरच विषाणू पेशीत शिरू शकतो. सौम्य प्रकारात ते कापणारी विकरे (एन्झाइम) श्वासनलिका आणि आतड्यातच असतात, त्यामुळे संसर्ग तिथेच राहतो. जहाल एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूमध्ये कापण्याच्या जागी आम्लारिधर्मी अमिनो आम्लांची रांगच असते. ती फ्युरिन नावाच्या विकराने कापली जाते, आणि फ्युरिन जवळजवळ सगळ्या अवयवांत असते. म्हणून मेंदू, हृदय, स्वादुपिंड, सगळीकडे एकदमच विषाणू वाढतो. प्रयोगशाळा आधी पीसीआर या जनुकीय चाचणीने इन्फ्लुएंझा ए गटाचा विषाणू आहे का, मग एच5 आहे का ते पाहते, आणि जहालपणा ठरवायला याच जागेचा क्रम वाचते.

पण प्रयोगशाळेपर्यंत नमुना धड पोचला तर. घशातून आणि गुदद्वारातून घेतलेला स्वॅब कृत्रिम धाग्याचा आणि प्लॅस्टिकच्या काडीचा लागतो. लाकडी काडीतली द्रव्ये पीसीआर बिघडवू शकतात. स्वॅब प्रतिजैविके घातलेल्या वाहक द्रवात बुडवायचा, नळीवर तारीख आणि शेडचा क्रमांक लिहायचा, तीन थरांत पॅक करून 2 ते 8 अंशांत ठेवायचा आणि 48 तासांत भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पोचवायचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे उशीर होणार म्हणून नमुना साध्या फ्रीजरमध्ये, उणे 20 अंशांना ठेवणे. या विषाणूचे आवरण मेदाचे असते. संथ गोठण्यात होणारे बर्फाचे स्फटिक ते फाडतात. मग जिवंत विषाणू वाढवून पाहण्याची संधी जाते. जास्त दिवस ठेवायचेच असेल तर उणे 70 किंवा त्याहून थंड लागते.

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. 2006 मध्ये पलीकडच्या उच्छल तालुक्यातही रोग निघाला. सध्याच्या नियमांप्रमाणे उद्रेकाभोवती 1 किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंतचे सर्वेक्षण क्षेत्र आखतात. अशा गावी ते वर्तुळ आपोआप दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि दोन पशुसंवर्धन खात्यांच्या हद्दीत पडते. प्रादेशिक सहकार्य म्हणजे इथे अगदी साधे काम असते: दोन्हीकडे एकाच दिवशी वाहतूक थांबवणे, अंड्यांचे कागदी ट्रे जाळणे, पिंजरे आणि टेम्पो धुणे. धुताना क्रम चुकला तर सगळे वाया जाते. विष्ठेवर थेट हायपोक्लोराइट हे क्लोरीनचे जंतुनाशक ओतले, की क्लोरीन त्या घाणीतच संपते. आधी साबणाच्या पाण्याने खरवडून धुवायचे आणि मगच जंतुनाशक. विल्हेवाटीचे गणितही आधी करून ठेवावे लागते. 2 मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे 1800 कोंबड्या मावतात. 50 हजारांच्या फार्मला असे 28 खड्डे लागतील, आणि त्यासाठी विहिरीपासून दूरची जमीन व जेसीबी आदल्या वर्षीच ठरलेला हवा.

मोठ्या सीमांवर हे जमते का? हाँगकाँगने करून दाखवले. 1997 मध्ये तिथे 18 माणसांना एच5एन1 झाला, 6 दगावली, आणि वर्षअखेरीस शहरातल्या 13 ते 15 लाख कोंबड्या काही दिवसांत मारल्या गेल्या. पुढे बदके आणि हंस कोंबड्यांपासून वेगळे केले. 2001 पासून बाजार महिन्यातून एक दिवस पूर्ण रिकामा ठेवून धुतला जाऊ लागला, कारण रोज जुन्या कोंबड्यांत नव्या येत राहिल्या तर विषाणूची साखळी कधीच तुटत नाही. आणि चीनच्या मुख्य भूमीवरून येणाऱ्या कोंबड्या ठरावीक फार्मांतून, रक्त तपासूनच हद्दीत घेतल्या जाऊ लागल्या. 'सीमा बंद करा' यापेक्षा हे किती तरी कष्टाचे आणि किती तरी उपयोगाचे आहे.

इंडोनेशियाने 2007 मध्ये मानवी नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले, तेव्हा बराच गहजब झाला. आमच्या मते त्यांची तक्रार रास्त होती: 'आमच्या रुग्णांच्या विषाणूवर लस बनते आणि ती आम्हालाच परवडत नाही.' उपाय मात्र घातक होता, कारण विषाणू कसा बदलतो आहे हे शेजाऱ्यांनाही कळेना. या वादातून मे 2011 मध्ये नमुने आणि लसींच्या वाटपाची आंतरराष्ट्रीय चौकट मान्य झाली. नमुना देणाऱ्याला काय मिळणार हे आधी ठरले, तरच नमुना वेळेत येतो.

हाच नियम कोंबडीवाल्यालाही लागू आहे. आपल्याकडे भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची; आधीच मेलेल्या कोंबड्यांचे काही मिळत नाही. केंद्र आणि राज्य हा खर्च निम्मानिम्मा उचलतात. लवकर कळवणाऱ्याच्या जास्त कोंबड्या जिवंत असतात, म्हणून त्याला जास्त पैसे मिळतात, असा हा हिशेब आहे. पण तो चालतो पैसे वेळेवर हातात पडले तरच. पैसे सहा महिने लटकले, तर पुढच्या वेळी मरतूक सुरू झालेला कळप रातोरात टेम्पोत भरून दुसऱ्या जिल्ह्यात विकला जातो, आणि तो टेम्पो कोणत्या चौक्यांवरून गेला हे नंतर शोधत बसावे लागते.