रझांच्या बिंदूमागचं रान

चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटलं की लोकांना त्यांच्या चित्रांतला काळा बिंदू आठवतो. आपण झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या, माणसांनी त्या बिंदूपाशी जाताना आधी रानातून जावं, असं मला मनापासून वाटतं.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. मंडला आज मध्य प्रदेशात आहे. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरकडे जाणाऱ्या जुन्या छोट्या गाडीतून ज्यांनी प्रवास केला, त्यांना ही साल-सागाची, गोंड वस्त्यांची वाट ओळखीचीच वाटेल. वडील वनखात्यात, त्यामुळे मुलाचं बालपण दाट जंगलात गेलं. रात्रीच्या रानाची भीती आणि तितकीच ओढ, गोंडांचा नाच सुरू झाला की वाटणारा धीर, मग उजाडणं आणि बाजाराच्या दिवसाचे रंग: या आठवणी रझा म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. धानाच्या राखणीला मचाणावर रात्र काढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

बिंदूही तिथलाच. पोराचं लक्ष थाऱ्यावर नाही हे पाहून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. तो ठिपका चित्रात यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली.

१९३९ मध्ये ते नागपूरच्या चित्रकला शाळेत आले. १९४३ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पण मुंबईला पोचेपर्यंत प्रवेश बंद झाले होते आणि शिष्यवृत्तीही गेली. अकोल्याला ड्रॉइंग मास्तरची नोकरी मिळत होती. ती न घेता ते मुंबईत छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत राबले आणि पुढे जे. जे. कलाशाळेत शिकले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या कलावंतांच्या गटात सूझा, आरा, हुसेन, बाकरे यांच्यासोबत आपल्या अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडेही होते. गाडे यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याची खंत वाटते.

त्याच काळात रझांची आई वारली, पुढच्या वर्षी वडील वारले. फाळणीनंतर बहुतेक भावंडं पाकिस्तानात गेली, रझा इथेच राहिले. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये त्यांना तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या चित्रांत फ्रान्समधली गावं, घरं, झाडं दिसतात. १९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कलेला शिकवायला गेले. तिथे रॉथको या अमेरिकन अमूर्त चित्रकाराची चित्रं पाहिल्यावर हात मोकळा झाला. घरं हळूहळू विरघळली. सत्तरच्या दशकातल्या ‘ला तेर’ म्हणजे ‘भूमी’ या चित्रांत काळ्या पसाऱ्यातून तांबडे-पिवळे फटकारे उसळतात. त्यात ना झाड ना पायवाट, तरी बघणाऱ्याला ते रान वाटतं, कारण रझांनी जंगलाचं रूप सोडून दिलं आणि जंगलात जे वाटलं तेवढंच ठेवलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात सच्चं काम हेच.

२०१० च्या अखेरीस ते कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ ला दिल्लीत वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना माती दिली गेली.

१९८१ मध्ये, पॅरिसमध्ये तीस वर्षं काढल्यावर, त्यांनी ‘माँ’ हे चित्र केलं. त्यात आईला उद्देशून एक हिंदी ओळ देवनागरीत लिहिली आहे: परत येईन तेव्हा काय आणू, असं विचारणारी. आणि त्याच चित्रात तो काळा बिंदू आहे, रानातल्या रात्रीइतका गडद.