सॅन स्विचची देखरेख

सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या स्वतंत्र जाळ्याला स्टोरेज एरिया नेटवर्क, बोलण्यात नुसते सॅन, म्हणतात. त्यातील स्विचच्या, म्हणजे डेटा योग्य वाटेला लावणाऱ्या पेटीच्या, प्रत्येक पोर्टवरून (केबल लावायच्या जागेवरून) किती डेटा गेला, कुठे अडला, कुठे बिघडला हे सॉफ्टवेअरने सतत मोजत राहणे म्हणजे ही देखरेख. मुंबईत बँका आणि शेअर बाजार यांच्यामुळे या कामाला रात्रपाळीही असते.

सॅनमध्ये मुख्यतः फायबर चॅनल ही डेटा पाठवण्याची पद्धत चालते. गर्दी झाली की फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, टाकून द्यायची, ही इथरनेटची (ऑफिसातल्या नेहमीच्या नेटवर्कची) सवय त्याला नाही. समोरच्या पोर्टवर बफर, म्हणजे फ्रेम तात्पुरती ठेवायची जागा, मोकळा असल्याची हमी, म्हणजे क्रेडिट, हाती असल्याशिवाय फ्रेम सुटतच नाही. लोकलच्या सिग्नलसारखेच हे: कुर्ल्याला एक गाडी रखडली की मागे ठाण्यापर्यंत रांग लागते. एखादा सर्व्हर आलेला डेटा संथपणे उचलू लागला, तर त्याच्याशी काडीचा संबंध नसलेले सर्व्हरही अडकतात. याला ‘स्लो ड्रेन’ म्हणतात, आणि देखरेखीचा खरा कस इथेच लागतो. पोर्टचा वापर जेमतेम २० टक्के, चूक एकही नाही, तरी डेटाबेसवाल्यांचे फोन थांबत नाहीत. अशा वेळी पाहायचे ते पोर्ट क्रेडिटविना किती काळ ताटकळले. ब्रोकेड या कंपनीच्या स्विचमधील काउंटर (मोजणी करणारा आकडा) हा काळ २.५ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांत मोजतो.

सरासरी मात्र हमखास फसवते. १० सेकंद तुडुंब भरलेले आणि उरलेला वेळ रिकामे पोर्ट ५ मिनिटांच्या सरासरीत सुमारे ३ टक्के वापराचे दिसते. बाजार सकाळी ९:१५ ला उघडतानाची झुंबड अशा आलेखात सपाट होऊन जाते. एसएनएमपी, म्हणजे उपकरणांचे आकडे दुरून वाचायची पद्धत, हिच्या जुन्या ३२ बिटांच्या काउंटरची गत त्याहून वाईट. ८ गिगाबिटच्या भरलेल्या पोर्टवर बाइट मोजताना तो सुमारे ५ सेकंदांत फिरून शून्यावर येतो आणि सॉफ्टवेअर बिनदिक्कत खोटा आलेख काढते. ६४ बिटांचाच काउंटर घ्यावा.

चुकांच्या आकड्यांत एकूण बेरजेला अर्थ नसतो, कारण ती काउंटर शेवटचे शून्य केल्यापासूनची असते. तासाभरात किती वाढ झाली ते पाहावे. सीआरसी चुका (वाटेत डेटा बिघडल्याच्या खुणा) वाढत असतील आणि एसएफपीला, म्हणजे पोर्टमध्ये बसवलेल्या प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाला, मिळणारा प्रकाश ३ डेसिबलने, म्हणजे निम्म्यावर, उतरला असेल तर आधी केबलचे टोक पुसावे. नवा एसएफपी मागवण्याची घाई नको.

ब्रोकेड आणि सिस्को या स्विच बनवणाऱ्यांची देखरेखीची स्वतःची साधने आहेत. झॅबिक्स, ग्राफाना या सर्वसाधारण देखरेखीच्या सॉफ्टवेअरवरही भागते.

वांद्रे-कुर्ला संकुलातील डेटाची प्रत नवी मुंबईत ठेवायची तर अंतराचाही हिशेब करावा लागतो. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. फ्रेम पोचून क्रेडिट परत येईपर्यंत थांबायचे नसेल, तर अंतर वाढेल तसे हाताशी जास्त क्रेडिट हवेत. पूर्ण आकाराच्या फ्रेम धरल्या तर १६ गिगाबिटला किलोमीटरमागे साधारण ८ क्रेडिट, म्हणजे २५ किलोमीटरला २०० लागतात. हे अंतर केबलचे, नकाशावरचे नव्हे. रस्ता खोदताना केबल तुटून वाहतूक लांबच्या वाटेने वळवली की तेवढे क्रेडिट पुरत नाहीत. लिंकचा दिवा हिरवाच राहतो. डेटा लिहायला लागणारा वेळ तेवढा वाढलेला दिसतो.