रोसिग्लिटाझोन : मधुमेहाची गोळी आतड्याच्या दाहावर

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. या विकारावर मधुमेहाचे औषध द्यावे, ही कल्पना १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत रुजली. रोसिग्लिटाझोन हे टाइप २ मधुमेहाचे औषध पीपीएआर-गॅमा नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतील संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला, कार्यरत करून इन्सुलिनचा परिणाम वाढवते, आणि हा रिसेप्टर मोठ्या आतड्याच्या अस्तरातही विपुल असतो. तो कार्यरत केल्यास रोगप्रतिकारक पेशींतून दाह वाढवणारी रसायने कमी स्रवतात, हे १९९८मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी याच गटातील औषधांनी उंदरांचा कोलायटिस कमी झाला.

या विकारावरचे जुने औषध सल्फासलाझिन हेही मुळात आतड्यासाठी नव्हते. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी ते संधिवातासाठी पुढे आणले होते. त्यातील ५-एएसए हाच घटक आतड्यावर गुणकारी ठरतो, हे १९७७मध्ये ऑक्सफर्ड येथे आझाद खान, ट्रुलव्ह आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. हेच आझाद खान पुढे बांगलादेशच्या मधुमेह संघटनेचे अध्यक्ष झाले. मात्र ५-एएसए नेमके कशामुळे काम करते, याचा उलगडा व्हायला २००५ उजाडले. त्याचा परिणाम पीपीएआर-गॅमामार्फतच घडतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. डॉक्टर कित्येक दशके नकळत याच रिसेप्टरवर उपचार करत होते, ही या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

अमेरिकेत १५ रुग्णांवरील प्राथमिक अभ्यासानंतर १०५ रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाले. १२ आठवड्यांत रोसिग्लिटाझोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के रुग्णांना उतार पडला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. पण त्याआधीच, २००७मध्ये, या औषधाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, असे एका विश्लेषणात मांडले गेले होते. २०१०मध्ये युरोपने त्याची विक्री थांबवली आणि भारतानेही त्यावर बंदी घातली. कोलायटिस बहुधा तरुणपणी जडतो व औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्यामुळे हृदयाचा धोका पत्करून ही वाट चालू ठेवणे योग्य ठरले नसते. संशोधकांनी मग ५-एएसएच्याच रचनेवरून, मुख्यतः आतड्यातच काम करतील आणि पीपीएआर-गॅमाला अधिक प्रभावीपणे कार्यरत करतील, अशा नव्या रेणूंकडे मोर्चा वळवला.