एफईएस पेट स्कॅन आला कुठून

ब्रेस्ट कॅन्सरच्या रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' (म्हणजे गाठीत एस्ट्रोजेन हार्मोनला धरून ठेवणारा रिसेप्टर आहे) लिहिलेलं असतं ते ठरतं बायोप्सीच्या एका तुकड्यावरून, पण आजार हाडात, फुप्फुसात पसरला की प्रत्येक गाठीत सुई कोण घालत बसणार? एफईएस, म्हणजे किरणोत्सर्गी लेबल लावलेलं एस्ट्रोजेन, टोचून ते कुठे जमतं हे कॅमेऱ्यात बघणारा पेट स्कॅन त्यासाठी, आणि तो वाटतो तेवढा नवा नाहीये.

१८९६ मधे ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी छापलं की अंडाशय काढल्यावर स्तनातल्या गाठी आक्रसू शकतात. पण सगळ्यांच्या नाही, आणि कोणाच्या आक्रसतील ते आधी कळायचं नाही. पुढची साठेक वर्षं हाच घोळ, अंडाशय काढा, अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढा, साधारण तीनातल्या एकीला फायदा आणि बाकीच्यांना फुकटचं ऑपरेशन.

मग १९५० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत एलवुड जेन्सन यांनी एस्ट्रोजेनला (अंडाशयात बनणारं हेच हार्मोन) ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, जोडून ते उंदरांच्या लहान माद्यांना टोचलं. रक्तातून ते निघून गेलं पण गर्भाशयात ठाण मांडून बसलं, म्हणजे तिथं त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं, तोच हा रिसेप्टर. गाठीत तो आहे का ते बघायची टेस्ट यातूनच निघाली.

माझ्या मते एफईएस म्हणजे जेन्सन यांचाच प्रयोग, फक्त लेबल बदललं. ट्रिटियमचे किरण शरीराबाहेर येत नाहीत, अवयव काढूनच मोजावं लागायचं, फ्लोरीन-१८, म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरीन, लावलं तर बाहेरून कॅमेऱ्यात दिसतं. इलिनॉयचे जॉन कॅटझेनेलेनबोगन (नाव टाइप करतानाच दमलो) आणि सेंट लुईसचे मायकेल वेल्च यांच्या टीमने ते १९८४ मधे बनवलं, १९८८ मधे १३ पेशंटचे स्कॅन छापून आले. २००६ मधे सिएटलच्या टीमने ४७ जणी तपासल्या तर ज्यांच्या गाठी फारशा उजळल्याच नाहीत त्यांच्यापैकी एकीलाही हार्मोन रोखणाऱ्या औषधाचा फायदा झाला नव्हता. एवढं असूनही अमेरिकेत मंजुरी मिळायला २०२० उजाडलं, फ्रान्सने २०१६ मधेच दिली होती.

अडचणी आहेतच. एफईएसचा निचरा लिव्हरमधून होतो त्यामुळे लिव्हर कायम झगझगीत, तिथली गाठ दिसतच नाही. आणि फुल्वेस्ट्रंट हे हार्मोन रोखणारं औषध चालू असेल तर ते रिसेप्टरची जागा आधीच अडवून बसतं, स्कॅन कोरा आला म्हणजे रिसेप्टर नाही असं समजायचं नाही, औषधाचा असर २८ आठवड्यांपर्यंत राहू शकतो म्हणून स्कॅन करायचा तर औषध सुरू करण्याआधीच.