नोटा (निषेधाचे मत)

नोटा म्हणजे मतदानयंत्रावर सर्व उमेदवारांच्या खाली, शेवटच्या बटणाशी असलेला ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने तो आला. त्याआधीही मत नाकारता येई, पण नियम ४९-ओ प्रमाणे नोंदवहीत तसा शेरा होऊन त्यावर सही किंवा अंगठा द्यावा लागे. कोणी मत नाकारले हे केंद्रातल्या सगळ्यांना कळे. नोटाने गुप्तता दिली; ताकद दिली नाही.

लोकसभा-विधानसभेला नोटाची मते मोजतात, निकालपत्रकात लिहितात आणि विषय तिथेच संपतो. नोटा सर्वांत पुढे असला तरी उमेदवारांत ज्याची मते जास्त तो विजयी. अनामत वाचायला वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते लागतात, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव इथे नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, नोटाला २,१८,६७४ मते पडली आणि भाजपचा उमेदवार दहा लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेत गेला.

महाराष्ट्रात महापालिका-नगरपालिकांचे गणित वेगळे आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास त्या जागेसाठी फेरनिवडणूक होते. त्यातही नोटाच पुढे राहिला, तर मात्र उमेदवारांतला पहिला निवडून येतो. बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेला स्वतंत्र नोटा असतो. इथे गडबड होते: एकच बटण दाबून मतदार वळतो, पण सर्व जागांची बटणे दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एका जागेला उमेदवार आणि दुसऱ्या जागेला नोटा, असेही चालते.

विधानसभेला चुरशीची लढत असेल तर नोटाचा अर्थ ‘दोघांपैकी कोणीही चालेल’ एवढाच उरतो, म्हणून आधी उमेदवारांची शपथपत्रे (नमुना २६) चाळावीत. ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रलंबित खटले आणि झालेली शिक्षा यांची नोंद वेगवेगळी असते; नुसती खटल्यांची संख्या पाहण्यात अर्थ नाही, कलमे पाहावीत. आंदोलनातली जमावबंदी मोडणे आणि खंडणी, दोन्ही तिथे ‘एक गुन्हा’च असतात. उमेदवार आधीही लढला असेल तर जुने शपथपत्र शेजारी ठेवावे. मालमत्तेतली वाढ आणि पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्न यांचा मेळ बसतो का, हे त्यातून दिसते. पती-पत्नी आणि अवलंबितांचे रकाने वगळू नयेत, बऱ्याचदा वाढ तिथेच असते.