एमकेव्हीत बिटरेटची जागा रिकामी का दिसते?

मराठवाड्यात गावोगावच्या शूटिंगवाल्यांकडे आणि सप्ताह कमिट्यांकडे कीर्तनांचा मोठा साठा पडून आहे. जुनी कीर्तनं व्हीएचएस कॅसेटवर, नंतरची व्हीसीडी-डीव्हीडीवर, अलीकडची मेमरी कार्डावरून उतरवलेली. हे सगळं हार्ड डिस्कवर एका जागी आणायचं म्हणून फायली पुन्हा एन्कोड होतात (चित्र नव्या पद्धतीने दाबून लिहिलं जातं), आणि मग हमखास विचारलं जातं : जुन्या फाइलीला बिटरेट (सेकंदाला किती बिट लागतात तो आकडा) दिसत होता, नव्या एमकेव्हीत (.mkv प्रकारच्या फाइलीत) चित्राच्या बिटरेटपुढे काहीच का नाही? फाइल खराब झाली का? फाइल धड आहे. तो आकडा आधी का लिहिला जायचा आणि नंतर लिहिण्याची गरज का उरली नाही, हे मात्र समजून घ्यायला हवं.

सुरुवात व्हीसीडीपासून करू. 1993 साली आलेल्या या तबकडीचा वेग ठरलेला होता : सेकंदाला 75 सेक्टर (तबकडीवरचे माहितीचे ठरावीक कप्पे). त्यात चित्राच्या वाट्याला सुमारे 1150 किलोबिट आणि आवाजाच्या वाट्याला 224 किलोबिट. महाराज एका जागी उभं राहून अभंगाचं निरूपण करत असोत की काल्याच्या दिवशी टाळकरी पावली खेळत असोत, दर सेकंदाला मिळायचं तेवढंच. पावलीच्या दृश्यात चौकटी फुटायच्या त्या यामुळे. एका सीडीच्या 74 मिनिटांत दोन तासांचं कीर्तन बसत नसे, म्हणून दोन सीडी निघायच्या. आज अनेक घरांत त्यातली एकच सापडते.

बिटरेट आधीच ठरलेला असल्याने तो लिहून ठेवणं सोपं होतं. एमपीईजी-1 या व्हीसीडीच्या चित्र दाबण्याच्या पद्धतीत, चित्रप्रवाहाच्या सुरुवातीच्या हेडरमध्येच (माहितीच्या मथळ्यात) त्यासाठी 18 बिटांची जागा राखलेली आहे आणि आकडा 400 बिटांच्या पटीत लिहायचा असतो. तिथले अठराही बिट 1 असले तर दर बदलता आहे असं समजायचं. म्हणजे बदलत्या दराची सोय तेव्हाही होती. व्हीसीडीला ती चालणारी नव्हती, इतकंच. पुढे डीव्हीडीत एमपीईजी-2 आलं, दर दृश्यानुसार कमीजास्त होऊ लागला आणि हेडरमधला आकडा प्रत्यक्ष सरासरीऐवजी वरची मर्यादा सांगू लागला. डीव्हीडीवरच्या चित्राची कमाल मर्यादा सेकंदाला 9.8 मेगाबिट आहे. कित्येक डीव्हीडींच्या माहितीत हाच आकडा दिसतो, पण प्रत्यक्ष चित्र त्याच्या निम्म्यावरही चाललेलं असू शकतं.

2003 मध्ये एच.264 हे चित्र दाबण्याचं नवं मानक आलं. त्यात बिटरेट लिहिण्याची जागा आहे, पण ती ऐच्छिक. एक्स264 या मुक्त एन्कोडरच्या सीआरएफ पद्धतीने तर विचाराची दिशाच पालटली. आपण दर्जा आकड्यात सांगायचा (न सांगितल्यास 23 धरला जातो), किती बिट लागतील ते एन्कोडर फ्रेमगणिक ठरवणार. शांत निरूपणाला थोडे, गुलाल आणि दहीहंडीला भरपूर. काम संपेपर्यंत सरासरी किती भरेल हे एन्कोडरलाही माहीत नसतं, मग तो हेडरमध्ये लिहिणार काय?

तरी हेच चित्र एमपी4 मध्ये घातलं की बिटरेट दिसतो. याचं कारण डब्याच्या, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या फाइल-प्रकाराच्या, रचनेत आहे. एमपी4 ची घडण ॲपलच्या 1991 सालच्या क्विकटाइमवरून आली. त्यात प्रत्येक फ्रेम किती बाइटची आहे याचा पूर्ण तक्ता एका जागी असतो. बेरीज केली, कालावधीने भागलं, की बिटरेट निघाला. डिसेंबर 2002 मध्ये जाहीर झालेल्या मात्रोस्काने, म्हणजे एमकेव्हीने, असा तक्ता ठेवलाच नाही. त्यात प्रत्येक तुकडा आपला आकार स्वतःजवळ बाळगतो आणि निर्देशांक साधारणपणे मुख्य फ्रेमपुरता (स्वतःपुरतं पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमपुरता) असतो. चित्राची सरासरी काढायची तर अख्खी फाइल वाचावी लागते. फाइलीची माहिती दाखवणारं एफएफप्रोबसारखं साधन तेवढं वाचत बसत नाही. चित्राच्या ओळीत ‘एन/ए’ (उपलब्ध नाही) लिहितं आणि एकूण फाइलचा दर तेवढा सांगतं.

या रचनेचा फायदा मराठवाड्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर शेवटी लिहिला जाणारा तक्ता अपुरा राहतो आणि साधी एमपी4 उघडतच नाही. एमकेव्ही त्या क्षणापर्यंतची बहुधा वाचते. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर थेट रेकॉर्ड करणारे एमकेव्ही निवडतात ते यासाठीच. बिटरेटची एक ओळ गेली आणि कीर्तन वाचलं, तर मला हा सौदा मान्य आहे.

काळजी रिकाम्या जागेची नाही, चुकीच्या आकड्याची करावी. एमकेव्हीमर्ज हे साधन एमकेव्ही फाइल बांधताना बिटरेट, फ्रेमची संख्या आणि एकूण बाइट मोजून टॅगमध्ये (फाइलीला जोडलेल्या नोंदींमध्ये) लिहितं. अशी फाइल एफएफएमपेग या एन्कोड करणाऱ्या साधनाने पुन्हा एन्कोड केली की हे जुने टॅग नव्या फाइलीत तसेच उतरू शकतात. उसाच्या एका ट्रॉलीची काटापावती दुसऱ्या ट्रॉलीला लावावी तसा हा प्रकार. चित्र 1 मेगाबिटवर आलेलं असतं आणि टॅग मात्र 8 मेगाबिट सांगत असतो. त्यावर विसंबून कुणी मूळ फाइल पुसली, तर ती परत मिळत नाही.

उपाय सोपा आहे. एमकेव्हीटूलनिक्स या साधनसंचासोबत येणाऱ्या एमकेव्हीप्रॉपएडिटमध्ये हे टॅग नव्याने मोजून लिहिण्याची सोय आहे, आणि त्यात चित्राला धक्का लागत नाही. साधन हाताशी नसेल तर हिशोब करावा : 1.8 जीबीची फाइल म्हणजे 1440 कोटी बिट. दोन तासांच्या 7200 सेकंदांनी भागलं की सेकंदाला 20 लाख बिट, म्हणजे 2 मेगाबिट. त्यातून आवाजाचे 128 किलोबिट वजा केले की उरलेलं चित्राचं.

व्हीसीडीवरून काढलेल्या फाइलींबाबत एवढं ध्यानात ठेवावं, की 1150 किलोबिटचं चित्र 5 मेगाबिटवर एन्कोड केल्याने फुटलेल्या चौकटी सांधल्या जात नाहीत. व्हीसीडीवरच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली मूळ डॅट फाइल नव्या एमकेव्हीसोबत तशीच जपून ठेवावी.